चार एकरांच्या गोठ्यांत कोणतें जनावर बांधावें?



चार-पांच एकर कोरडवाहू जमीन असलेल्या शेतकऱ्यानें आपल्या गोठ्यांत कोणत्या जातीचें जनावर बांधावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी पशुवैद्य नव्हे. माझा जन्म मोताळा तालुक्यांत शाळामास्तरकी करण्यांत गेला. परंतु खेड्यांतल्या मास्तराकडे लोक अर्ज लिहून घ्यावयास येतात, आणि मीं आजवर लिहिलेल्या अर्जांत गाईम्हशींच्या कर्जाचे अर्ज पुष्कळ आहेत. त्या अर्जांत “जनावराची जात” असा एक रकाना असतो. तेथें काय लिहूं म्हणून विचारलें म्हणजे बहुधा उत्तर येतें, “जी जास्त दूध देते ती लिहा, गुरुजी.” हें उत्तर मला अपुरें वाटतें. कर्ज फेडण्याच्या वेळीं त्याचें अपुरेपण दिसून येतें; पण तेव्हां वेळ गेलेली असते.

जनावराची जात म्हणजे एखाद्या मुलखांतील पाणी, चारा, ऊन आणि तेथील माणसांची गरज यांनीं अनेक पिढ्यांत घडविलेली वस्तु. जर्सी गाय ही इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील खाडींतल्या एका चिमुकल्या बेटावरची. होल्स्टीन फ्रीजियन ही हॉलंड व उत्तर जर्मनी येथील गार, ओल्या कुरणांतली. मुऱ्हा म्हैस हरियाणांतील रोहतक, हिसार, जिंद या भागांतली. तेथें कालव्याचें पाणी आहे व हिंवाळाभर हिरवें बरसीम आहे. गीर गाय सौराष्ट्रांतली. यांपैकीं प्रत्येक जनावर आपल्या जागीं उत्तमच आहे. परंतु जनावर ट्रकांत घालून आणतां येतें, त्याचें कुरण आणतां येत नाहीं.

आतां आपली जागा कशी आहे तें पाहूं. बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरला म्हणजे मोताळा लागतो. नळगंगा येथून उत्तरेस मलकापुराकडे जाते आणि पुढें पूर्णेस मिळते. धरणाच्या पाटाखालीं आहे त्या जमिनीची गोष्ट निराळी. बाकीची शेती चार महिन्यांच्या पावसावर. डोंगराच्या कडेस हलकी मुरमाड जमीन, खालीं सपाटीस काळी. उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर चढतो आणि मे महिन्यांत कित्येक दिवस तेथेंच ठाण मांडून बसतो. नदीनाले कोरडे, विहिरीच्या तळाशीं हंडाभर पाणी. जनावराची निवड करणाऱ्यानें दिवाळीच्या दिवसांतली हिरवी धुऱ्यावरची वैरण डोळ्यांपुढें न ठेवतां हा मे महिना ठेवावा.

शिवाय चाऱ्याची एक गोष्ट गेल्या चाळीस वर्षांत हळूहळू घडली आहे, ती कोणी फारशी बोलून दाखवीत नाहीं. माझ्या लहानपणीं प्रत्येक खळ्याजवळ ज्वारीच्या कडब्याची गंजी उभी असे. ज्वारी माणसाला आणि कडबा जनावराला, असा तो जोडधंदाच होता. पुढें ज्वारी मागें पडली, कपाशी वाढली, सोयाबीन आलें, मका आला. सोयाबीननें रोख पैसा दिला, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण सोयाबीनचें कुटार म्हणजे कडबा नव्हे. जनावर तें खातें, मन लावून खात नाहीं. आणि काढणींत पाऊस सांपडून त्यास बुरशी आली तर तें मुळींच घालूं नये. कपाशीची पऱ्हाटी चुलीस जाते. तूर व हरभरा यांचें कुटार चांगलें, पण थोडें. अर्थात् जनावराच्या पोटाची तरतूद पिकाबरोबर आपोआप होत असे ती आतां होत नाहीं. ती विकत घ्यावी लागते, आणि कडब्याचा भाव दुष्काळी सालीं धान्याच्या भावाशीं स्पर्धा करूं लागतो.

मास्तर माणूस आहें, म्हणून थोडें गणित करतों. जनावरास त्याच्या वजनाच्या दर शेंकड्यामागें रोज अडीच ते तीन किलो कोरडा चारा लागतो, असें धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे ४०० किलो वजनाच्या म्हशीस किंवा संकरित गाईस रोज १० ते १२ किलो. वर्षाचे झाले सुमारें ४,००० किलो, म्हणजे चार टन. बरें पिकलें तर कोरडवाहू ज्वारीच्या एकरांत दीड-दोन टन कडबा निघतो. एका जनावराच्या पोटास दोन एकर ज्वारी, आणि ज्याच्या जवळ एकंदर चार एकर आहेत त्यानें दोन एकर ज्वारी पेरलेली नाहीं! हा हिशेब कागदावर मांडून मगच दोन जनावरांचें कर्ज काढावें. त्यावर ढेपेचा खर्च निराळा. पाण्याचा हिशेब आणखी निराळा: उन्हाळ्यांत दुभत्या मोठ्या जनावरास रोज ६०-७० लिटर पाणी सहज लागतें. हें पाणी कोण आणतें? बहुतेक घरीं बायका आणतात. शेण त्याच काढतात, वैरण त्याच कापतात. तरीहि जनावर पसंत करावयास बाजारांत जातात ते पुरुष. मी तर म्हणेन कीं अर्जांतील तो जातीचा रकाना घरच्या बाईस विचारल्याशिवाय भरूं नये.

संकरित गाईविषयीं मी पूर्वग्रहानें बोलत नाहीं. १९६७ सालीं मणिभाई देसाई यांनीं उरुळी कांचन येथें बाएफ संस्था स्थापिली, गोठविलेल्या रेतानें कृत्रिम रेतन करून खेडोपाडीं संकरित गाई उभ्या केल्या, आणि त्यांच्यावर हजारों कुटुंबांचा संसार चालला. पण पश्चिम महाराष्ट्रांत ज्या भागांत ही गाय रुजली तेथें पाटाचें पाणी होतें, उसाचें वाढें होतें, दूधसंघाची गाडी रोज दाराशीं येत होती. आमच्याकडे या तीनांपैकीं एखादी गोष्ट असते, क्वचित् दोन असतात. माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें नगरकडून दोन गाई आणल्या. पहिल्या हिंवाळ्यांत दूध पाहून सारा गांव थक्क झाला. एप्रिल संपतां संपतां दूध निम्म्यावर आलें, गाई धापा टाकूं लागल्या, गोचिडताप झाला. दोन्ही गाई तीन-तीन वेळां उलटल्या. “गुरुजी, गाय मला पोसत नाहीं, मीच तिला पोसतों,” असें तो म्हणाला. त्यानें कांहीं हयगय केली नव्हती. होल्स्टीनच्या देहाला २५-२६ अंशांच्या पलीकडची उष्णता जड जाते; विदेशी अंश जितका अधिक तितका हा त्रास अधिक. म्हणूनच जाणते लोक हा अंश निम्म्याच्या पुढें जाऊं देऊं नये असें सांगतात. ज्याच्याकडे बारमाही विहीर, अर्धा एकर हिरवी वैरण, उंच छपराचा हवेशीर गोठा आणि रोजचें दूधकेंद्र आहे, त्यानें अशी एक गाय जरूर ठेवावी. एक, दोन नव्हेत.

मग म्हैस? आमच्या घाटाखालच्या प्रदेशांत लहान शेतकऱ्यास म्हैस अधिक मानवते, असें माझें मत झालें आहे. दुधाचा भाव स्निग्धांशावर ठरतो. केंद्रावर गाईच्या दुधाची कसोटी ३.५ स्निग्धांशाची, म्हशीच्या दुधाची ६ ची. म्हणून थोडें दूध घातलें तरी पैसा बरा मिळतो, आणि दूधकेंद्र बंद पडलें तर तूप कढवून ठेवतां येतें. म्हैस निकस कोरडा चारा गाईपेक्षां चांगला पचविते. पण म्हशीचीहि एक अडचण आहे. तिची कातडी काळी, घामाच्या ग्रंथी थोड्या. उन्हांत ती कासावीस होते. उन्हाळ्यांत तिचा माज ओळखतां येत नाहीं, तो मुका असतो. ती बहुधा थंडीच्या दिवसांत फळते आणि दहा महिन्यांनीं, म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीपासून हिंवाळ्यापर्यंत, विते. हें ध्यानांत ठेवलें नाहीं तर ऐन उन्हाळ्यांत रेतनाचे खेपांमागून खेपे व्यर्थ जातात. दुपारीं दोनदां अंगावर पाणी आणि दाट सावली, एवढें तिला द्यावेंच लागतें.

आतां म्हशींत जात कोणती? सर्वांच्या तोंडीं मुऱ्हा. मुऱ्हा चांगल्या निगेंत एका वेतास दीड ते दोन हजार लिटर दूध देते, हें खरें. पण ती त्या बरसीमावरची! आपल्या विदर्भाची नागपुरी म्हैस, जिला एलिचपुरी किंवा वऱ्हाडी असेंहि म्हणतात, ती तलवारीसारख्या लांब, मागें खांद्याकडे वळलेल्या शिंगांवरून ओळखूं येते. तिचें दूध ७०० पासून १,२०० लिटरपर्यंत, म्हणजे मुऱ्हाच्या सुमारें निम्मे. हा आंकडा ऐकून लोक तोंड फिरवितात. पण ती अंगानें हलकी, खाते कमी, आणि आमच्या उन्हांत तिचे बापजादे वाढलेले.

आणि आमच्या अगदीं घरची म्हणावी अशी म्हैस म्हणजे पूर्णाथडी. थडी म्हणजे नदीचा कांठ. सातपुड्यांत उगम पावून अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहत पूर्णा जेथें तापीस मिळते, तोंवरच्या तिच्या कांठची ही म्हैस. मध्यम बांध्याची, रंगानें काळी नव्हे तर भुरकट, कांहीं तर पांढुरक्याच. खारपाणपट्ट्यांतील मचूळ पाणी आणि वाळली वैरण यांवर ती निभावते, आणि तिच्या दुधांत स्निग्धांश भरपूर. आमच्या लहानपणीं तिला कोणी जातीचें नांव देत नसे. नुसतें “भुरी” म्हणत आणि काळ्या म्हशीपुढें तिला कमी लेखीत. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें २०२३ सालीं तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, तेव्हां आमच्या दारांतल्या भुरीला नांव मिळालें. नांव मिळाल्यानें दूध वाढत नाहीं, हें खरें. पण एक फरक पडतो. ज्या जातीची नोंद आहे तिचे निवडक हेले ठेवतां येतात, त्यांचें रेत मिळण्याची वाट मोकळी होते. नाहीं तर भुरीला दर वेळीं मुऱ्हाचें रेत भरीत राहिलों तर तीन-चार पिढ्यांत भुरी उरणार नाहीं, आणि जी उरेल ती पुरी मुऱ्हाहि नसेल.

ही भीति उगाच नाहीं. इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांतून वऱ्हाडच्या गुरांचीं उमरडा व खामगांवी अशीं नांवें आढळतात. आमच्याच जिल्ह्यांतील खामगांवच्या नांवानें बैल ओळखला जात होता! आज बाजारांत “खामगांवी जोडी दाखव” असें म्हटलें तर व्यापारी आपल्याकडे पाहतच राहील. उमरडा हें नांव तेवढें एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडीं ऐकूं येतें. तीं गुरें कोणी मारलीं नाहींत, कोणत्याहि सांथीनें नेलीं नाहींत. ज्यानें त्यानें आपल्या गाईस दुसरीकडचा वळू दाखविला, एवढेंच झालें.

बैलाचा विषय निघालाच आहे तर तोहि बोलून टाकूं. चार एकरांस ट्रॅक्टर भाड्यानें आणून नांगरट होते, पेरणीहि होते. पण कपाशी-सोयाबीन हातभर वाढल्यावर तासांतून डवरा फिरवावयास बैलच लागतो. दोन शेजाऱ्यांनीं एक-एक बैल ठेवून सामाईक जोडी केली तर दोघांचें भागतें. पूर्वी अशी वाटणी सर्रास असे. या कामास देशी गाईचा गोऱ्हा उपयोगी. मलकापुरापासून पलीकडे निमाडांत तांबड्या अंगावर पांढरे पट्टे असलेली निमाडी गुरें आहेत, वर्ध्याकडे पांढरी, चपळ गवळाऊ आहेत. दोन्ही या हवेंत टिकणारीं. गवळाऊ दुधास बेताची, चालीस मात्र तिच्या तोडीचीं गुरें थोडीं. गीर गाय दुधास तिच्याहून पुष्कळ सरस. चांगल्या कळपांत दीड-दोन हजार लिटर देते, आणि ऊनहि सोसते. पण ब्राझिलांतल्या गीरचे आंकडे ऐकून किंमत ठरवूं नये. तेथें कित्येक पिढ्या निवड करून, पोटभर घालून ती तशी केलेली आहे.

संकरित गाईच्या गोऱ्ह्याचें मात्र काय करावयाचें? त्यास वशिंड नाहीं म्हणून जूं नीट बसत नाहीं, आणि दुपारच्या उन्हांत तो जागींच बसतो. गाईच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्यानें बंदी होतीच; ४ मार्च २०१५ पासून महाराष्ट्रांत बैल आणि वळू यांच्या कत्तलीसहि बंदी आहे. म्हशींच्या बाबतींत अशी सरसकट बंदी नाहीं. कायद्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा मी येथें करीत नाहीं. परंतु गाय घेणाऱ्यानें हें समजून घेतलें पाहिजे कीं दर दोन वेतांत सरासरीनें एक गोऱ्हा होणार, आणि तो विकला गेला नाहीं तर त्याच्या पोटाचा भार आपल्याच कडब्यावर. कित्येक गांवांत अशीं मोकाट सोडलेलीं गोऱ्हीं रात्रीं दुसऱ्याच्या हरभऱ्यांत शिरतात आणि सकाळीं भांडणें होतात. आतां मुख्यत्वें कालवडीच व्हाव्यात असें निवडलेलें रेत मिळूं लागलें आहे. शंभरांत सुमारें नव्वद कालवडी होतात. दुधासाठींच गाय ठेवणाऱ्यानें तें आग्रहानें मागावें.

शेळीबद्दल बोलल्याशिवाय लहान शेतकऱ्याचा विषय पुरा होत नाहीं. मघांच्या गणितांत एक म्हैस रोज ११ किलो खाते असें धरलें, तर ३० किलोच्या दहा शेळ्यांस साधारण तेवढाच चारा लागतो. आणि त्यांतला बराचसा त्या बोर, बाभूळ, धुऱ्यावरची झुडपें यांवर स्वतःच मिळवितात. पांच महिन्यांत वितात, पुष्कळदां दोन करडें देतात. घरांत आजारपण निघालें, मुलाची फी भरावयाची आली, तर म्हशीचा पाय कापून विकतां येत नाहीं, बोकड विकतां येतो. उस्मानाबादी काळी शेळी जुळ्यांसाठीं प्रसिद्ध आहे. आपल्या वऱ्हाडची बेरारी तांबूस-पिंगट, शिंगापासून नाकपुडीपर्यंत तोंडावर पट्टे असलेली. तीहि आतां नोंदलेली जात आहे. मी कोणास सांगावयाचें झालें तर जवळच्या बाजारांतली बेरारी वा उस्मानाबादी पाट घ्या असें सांगेन. राजस्थान-पंजाबांतली उंच कानलांबी शेळी दिसावयास देखणी, पण तिच्या किमतींत येथल्या दोन येतात. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोंचून घ्यावी, पीपीआरची लसहि वेळेवर घ्यावी, आणि रात्रीं बसावयास कोरडी उंच जागा द्यावी. शेळीचा खरा शत्रु शेजाऱ्याची कपाशी. चारावयास नेणारें माणूस घरांत नसेल तर शेळ्या घेऊंच नयेत. भांडणाचा खर्च नफ्याहून मोठा होतो.

कोंबड्यांविषयीं एवढेंच कीं घरच्या परसांत दहा-वीस गांवठी, किंवा वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारलेल्या, ठेवाव्यात. आश्चर्यकारक नफ्याच्या योजनांस मात्र दुरून नमस्कार. अगोदर इमूचें वेड आलें, २०१२ च्या सुमारास तें कोसळलें. मग २०१९ सालीं कडकनाथच्या करारांत महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. कडकनाथ ही झाबुआची खरोखर चांगली कोंबडी. तिचा कांहीं अपराध नव्हता. पण जें जनावर विकत घेणारा एकच, आणि तोच आपणांस विकणारा, त्याचा बाजार आपल्या हातीं नसतो.

तेव्हां चार एकरवाला मला विचारील तर मी म्हणेन: एक पूर्णाथडी किंवा नागपुरी म्हैस, चार-पांच शेळ्या, आणि डवरणीपुरता सामाईकींतला एक बैल. पाणी बारमाही असेल तर म्हशीऐवजीं निम्म्या अंशाची एक संकरित गाय. एका जनावरांत सगळें भांडवल घालूं नये. २०२२ च्या पावसाळ्यांत लंपी रोग शेजारच्या जळगांव जिल्ह्यांतून आमच्याकडे आला, बाजार बंद झाले, आणि ज्यांचा सारा व्यवहार गाईंवर होता त्यांच्या हाताशीं विकावयास दुसरें कांहीं नव्हतें. म्हशींस त्या रोगाचा त्रास थोडाच झाला, शेळ्यांस झाला नाहीं.

राहतां राहिली खरेदी. दिवाळीनंतर घ्यावी, कारण तेव्हां कुटार-कडबा घरांत असतो. दुसऱ्या वेताची, नुकतीच व्यालेली म्हैस पाहावी. तोंड उघडून दांत मोजावेत. चारदाती-सहादाती जनावर तरुण, जुळलेल्या दांतांच्या जनावराचें वय व्यापारी सांगेल तें. एकाच धारेवर विश्वास ठेवूं नये, कारण आदल्या धारेचें दूध कासेंत राखून ठेवतां येतें. लागोपाठ तीन धारा आपल्यासमोर काढावयास लावाव्यात आणि दूध मापानें मोजावें. चारहि सडांतून सारखी धार येते कीं नाहीं तें स्वतःच्या हातानें पाहावें. कानांतील बिल्ल्यावरचा बाराआंकडी क्रमांक लिहून घ्यावा आणि पावती त्याच क्रमांकाची घ्यावी; विम्याच्या वेळीं तोच विचारतात. घरीं आणल्यावर नवें जनावर तीन आठवडे जुन्यांपासून दूर, निराळ्या दावणीस बांधावें, त्याचें पाण्याचें टोपलेंहि निराळें ठेवावें, आणि तेवढ्या मुदतींत गांवच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत दाखवून लाळ-खुरकुताची व घटसर्पाची लस टोंचून घ्यावी.